ब्राउझरमधला खोटा रॅन्समवेअर इशारा: पान बंद कसं करायचं आणि नंतर काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या विंडोज 11 लॅपटॉपवर क्रोममध्ये बातम्या वाचताना अचानक पडदाभर एक पान आलं. वर अशोकस्तंभ, खाली ‘गृह मंत्रालय’. मजकूर असा की तुमचा संगणक सील केला आहे, सगळ्या फाइल्स एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झाल्या आहेत, काही तासांत कार्डाने दंड भरा, नाहीतर अटक होईल. स्पीकरवर भोंगा, माउसचा बाण गायब, एस्केप दाबून उपयोग नाही. घाबरून त्यांनी बटण दाबून लॅपटॉप बंद केला. नंतर क्रोम उघडलं की तेच पान पुन्हा समोर. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. मारायचा का?

नाही. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात लॅपटॉपला लागण झाल्याची एकही खूण नाही. आहे ते एक वेब पान, आणि ते पुन्हा दिसतंय कारण क्रोम इमानेइतबारे शेवटचा टॅब परत उघडतंय. यावर फॉरमॅट मारणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं आहे. त्यात वडिलांचे फोटो, टॅलीचा डेटा, जुने मेल गेले, तर खऱ्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल्सना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, केलं असतं तेवढंच नुकसान आपल्या हाताने होईल.

वेब पानाचे हात किती लांब असतात ते आधी बघू, म्हणजे पुढच्या पायऱ्या का करायच्या ते कळेल. ब्राउझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त चौकटीत चालवतो. पानाला तुमच्या डी ड्राइव्हमधले फोटो दिसत नाहीत, ते वाचता येत नाहीत, मग एन्क्रिप्ट करणं दूरच. पडद्यावर ‘स्कॅनिंग’ची पट्टी सरकते आणि फाइलींची नावं भराभर धावतात, ते आधीच तयार केलेलं चित्र असतं, जगात कुणीही ते पान उघडलं तरी तीच नावं धावतात. तुमचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, गावाचं नाव, इंटरनेट कंपनी, विंडोजची आवृत्ती हे सगळं बऱ्यापैकी बरोबर दाखवतात आणि माणूस तिथेच गार पडतो. पण ही माहिती तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साइटला मिळतच असते. म्हणूनच याच जातीचं पान भारतात गृह मंत्रालयाच्या नावाने, अमेरिकेत एफबीआयच्या नावाने आणि इतर देशांत तिथल्या पोलिसांच्या बोधचिन्हासह उघडतं. आयपीवरून देश ओळखायचा आणि त्या देशाचा मुखवटा लावायचा, एवढीच युक्ती.

मुखवटे बरेच आहेत. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खरं रॅन्समवेअर आलं, त्याच्या लाल खिडकीची, उलट्या मोजणीची आणि 300 डॉलरच्या बिटकॉइन मागणीची नक्कल करणारी पानं त्यानंतर निघाली. दुसरा मोठा प्रकार निळ्या पडद्याचा: ‘विंडोज डिफेंडर सिक्युरिटी सेंटर’, खाली ‘ताबडतोब फोन करा’ आणि एक टोल-फ्री क्रमांक. यात एक पक्की खूण लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर किंवा इशाऱ्यात कधीही फोन क्रमांक नसतो, हे त्या कंपनीने स्वतः वारंवार सांगितलं आहे. क्रमांक दिसला की पान खोटं.

आता बाण का गायब होतो आणि एस्केप का चालत नाही? ब्राउझरने व्हिडिओ, खेळ, रिमोट डेस्कटॉप यांच्यासाठी ज्या सोयी दिल्या आहेत, त्याच इथे उलट्या वापरल्या जातात. माउसचा बाण लपवणं ही पानाच्या सजावटीतली एक ओळ असते. पानाच्या बाहेर बाण शाबूत असतो. पूर्ण पडदा घेण्यासाठी मात्र पानाला तुमची एक क्लिक लागते, त्याशिवाय ब्राउझर परवानगी देत नाही. म्हणून पान आधी एक छोटी चौकट दाखवतं, तिला कोपऱ्यात फुली असते, ‘रद्द करा’ असं बटण असतं. ती फुली खोटी असते. तिच्यावर, किंवा पानात कुठेही, क्लिक केलं की तीच क्लिक पूर्ण पडद्याची परवानगी म्हणून वापरली जाते. वडिलांच्या बाबतीत बहुतेक हेच झालं असणार: बंद करायला गेले आणि पडदा व्यापला गेला. पडदा मिळाला की पान वरच्या भागात खोटी अ‍ॅड्रेस पट्टीही रंगवू शकतं, त्यात सरकारी साइटचा पत्ता आणि कुलपाचं चिन्हसुद्धा. ते फक्त चित्र असतं, त्यावर क्लिक करून काहीही टाइप होत नाही.

एस्केपचं असं आहे की क्रोम आणि एजमध्ये पूर्ण पडद्यावरचं पान कीबोर्ड स्वतःकडे अडकवून ठेवू शकतं. मग एस्केप एकदा दाबलं तर ते पानाकडे जातं, ऑल्ट-टॅब आणि विंडोजचं बटणही कधीकधी चालत नाही. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक दार उघडं ठेवलंय: एस्केप दाबून धरलं, चांगले दोन-तीन सेकंद, की पूर्ण पडदा सुटतोच. लोक एस्केप दहा वेळा खटाखट दाबतात आणि ‘चालत नाही’ म्हणतात. दाबून धरायचं असतं.

तर पान समोर असताना क्रम असा ठेवा. आधी आवाज बंद करा, कीबोर्डवरच्या बटणाने, नाहीतर स्पीकरची वायर काढून. भोंगा चालू असताना माणसाला विचार सुचत नाही, आणि भोंगा त्यासाठीच असतो. मग एस्केप दाबून धरा. पडदा सुटला की माउसला हात न लावता कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा, टॅब बंद होतो. ‘हे पान सोडायचं का?’ अशी चौकट आली तर ‘लीव्ह’ निवडा. ही चौकट ब्राउझरची असते, तिच्यातले शब्द पानाला बदलता येत नाहीत. छोट्या इशाऱ्यांच्या चौकटी एकामागून एक येत असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत ‘या पानाला आणखी चौकटी दाखवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय येतो, त्यावर खूण करा. काही पानं युजरनेम-पासवर्ड मागणारी चौकट फिरून फिरून दाखवतात. तिच्यात विंडोजचा किंवा जीमेलचा पासवर्ड मुळीच भरू नका.

यातलं काहीच जमलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र. हे त्रिकूट थेट विंडोजकडे जातं, कुठल्याही वेब पानाला ते अडवता येत नाही. विंडोजचा वेगळा पडदा येईल आणि हरवलेला बाणही तिथे परत दिसेल. त्यात टास्क मॅनेजर निवडा, ‘प्रोसेसेस’मध्ये अगदी वर ‘अ‍ॅप्स’ या गटाखाली गूगल क्रोम असेल, ते एकदा निवडून ‘एंड टास्क’. गटाच्या मुख्य ओळीवर करा. बाण उघडून आतल्या दहा-पंधरा ओळींपैकी एकच मारली तर पान तसंच राहू शकतं. टास्क मॅनेजर पूर्ण पडद्याच्या मागे लपला, तर पुन्हा कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून ‘साइन आउट’ निवडा. सगळे प्रोग्राम बंद होतील. वर्डमध्ये सेव्ह न केलेलं काही असेल तर ते जाईल, म्हणून हा उपाय दुसऱ्या क्रमांकावर. पॉवरचं बटण धरून बंद करणं सर्वांत शेवटी. त्याने पान जातं, पण ब्राउझर ‘मी नीट बंद झालो नव्हतो’ असं लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच टॅब परत द्यायला बघतो. तुमच्याकडे तेच झालंय.

मॅकवर याच कामाला कमांड, ऑप्शन, एस्केप एकत्र, मग यादीतून सफारी किंवा क्रोम निवडून ‘फोर्स क्विट’. सफारी पुन्हा उघडताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे जुन्या खिडक्या परत येत नाहीत.

आता तेच पान पुन्हा येण्याचं. वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा, आणि मगच क्रोम उघडा. इंटरनेट नसल्यामुळे पान लोड होणार नाही, ‘नो इंटरनेट’चा निरुपद्रवी टॅब दिसेल. तो बंद करा. कोपऱ्यात ‘रिस्टोअर पेजेस’ असं विचारलं तर ‘रिस्टोअर’ दाबू नका, फुलीने घालवा. मग सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’ बघा. तिथे ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडलेलं असेल तर हाच दोषी. ‘ओपन द न्यू टॅब पेज’ करा. तिसऱ्या पर्यायात, म्हणजे ठरावीक पानं उघडण्याच्या यादीत, अनोळखी पत्ता असेल तर तो काढा आणि पुढचा एक्स्टेन्शन्सचा (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचा) भाग नीट वाचा, कारण तो पत्ता आपोआप तिथे जात नाही. विंडोजमध्येही एक अशीच सोय आहे: सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘आपोआप अ‍ॅप्स पुन्हा सुरू करा’ अशा अर्थाचं बटण. ते चालू असेल तर लॉग-इन होताच क्रोम स्वतःहून उघडतं आणि लोकांना वाटतं व्हायरस विंडोजबरोबरच सुरू होतोय.

इतिहास पुसण्याची घाई करू नका. कंट्रोल आणि एच दाबून हिस्टरी उघडा आणि त्या वेळेच्या आसपासचे पत्ते मोबाइलने फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर लागतील, आणि वडील कुठून तिथे पोचले तेही कळेल. मधले सगळे टप्पे हिस्टरीत दिसत नाहीत, पण सुरुवात आणि शेवट बहुधा दिसतो. पत्त्यात ‘विंडोज डॉट नेट’ असं दिसलं म्हणून ते मायक्रोसॉफ्टचं पान ठरत नाही. ‘वेब डॉट कोअर डॉट विंडोज डॉट नेट’ने संपणारे पत्ते मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या क्लाउड जागेचे असतात. ती जागा कुणीही घेऊ शकतं, आणि निळ्या पडद्याची पानं ठेवायला ठगांनी तिचा भरपूर वापर केलाय. फोटो काढून झाले की गेल्या 24 तासांचा कॅशे आणि कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स आणि लॉग-इनच्या नोंदी) पुसा. साइट्सवर पुन्हा लॉग-इन करावं लागेल, तेवढंच.

यानंतर फाइल्स. नुसतं ‘सगळं ठीक वाटतंय’ म्हणून थांबू नका, बघा. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि दुसऱ्या ड्राइव्हमधल्या पाच-सहा फाइल्स उघडा, जुन्या आणि कालच्याही. खऱ्या रॅन्समवेअरच्या खुणा ठळक असतात: फाइलींच्या नावांना विचित्र शेपूट जोडलेलं, वॉनाक्रायने जसं ‘डॉट डब्ल्यूएनक्राय’ जोडलं होतं, फाइल उघडत नाही किंवा कचरा दाखवते, जवळपास प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे कुठे भरायचे ते सांगणारी एक मजकूर-फाइल, आणि ब्राउझर न उघडताही धमकी समोर हजर. यातलं काही नसेल, फोटो नीट उघडत असतील, तर एन्क्रिप्ट काहीही झालेलं नाही.

समजा या खुणा दिसल्या, तर रस्ता पूर्ण वेगळा. नेटवर्क ताबडतोब तोडा, बाहेरची हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह काढा, काहीही पुसू नका, धमकीची फाइल आणि बिघडलेल्या एक-दोन फाइल्स जपून ठेवा. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या मोफत साइटवर त्या फाइल्सवरून रॅन्समवेअरचा प्रकार ओळखता येतो, आणि काही प्रकारांसाठी कुलूप उघडणारं साधनही मिळतं. पण तुमच्या वर्णनावरून तिथवर जाण्याची वेळ आलेली नाही.

पान बंद झालं, फाइल्स शाबूत आहेत. आता खरा प्रश्न विचारायची वेळ आहे, आणि तो वडिलांना शांतपणे, त्यांच्या शेजारी बसून विचारा: पान दिसत असताना तुम्ही काय काय केलंत? धोका पानाने काय दाखवलं यावर ठरत नाही, माणसाने काय केलं यावर ठरतो. रागावून विचारलं तर घरची वडीलधारी माणसं अर्धं सांगतात आणि नेमकं महत्त्वाचं अर्धं राहून जातं.

फक्त बघितलं, क्लिक केलं, घाबरून बंद केलं, एवढंच असेल तर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजमधल्या अँटिव्हायरसचं, एक फुल स्कॅन पुरे. क्लिकनंतर ‘डाउनलोड्स’मध्ये एखादी फाइल उतरली असू शकते; तारखेनुसार लावून बघा. नुसती उतरलेली फाइल काही करत नाही, उघडली तर करते. ईएक्सई, एमएसआय, आयएसओ, जेएस अशी शेपटी असलेली अनोळखी फाइल न उघडता पुसा.

नोटिफिकेशन पाठवू देण्यासाठी ‘अलाउ’ दाबलं असेल तर इशारे पुढचे महिनोन्महिने येत राहतील, ब्राउझर नीट दिसत असतानाही. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’, ‘डिफेंडरची मुदत संपली’ अशा चौकटी सरकत येतात. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं सांगून ही परवानगी काढून घेतलेली असते. चौकट नीट बघा: तिच्यात बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका साइटचा पत्ता असतो. म्हणजे ती विंडोजने दिलेली नाही, साइटने पाठवलीय. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल, अनोळखी प्रत्येक नावापुढच्या तीन टिंबांवरून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केलं तर ती साइट पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केलं तर नाही. वडिलांसाठी मी वरचा पर्यायच बदलून ठेवायला सांगेन: कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू देऊ नका. बँक आणि मेल यांची कामं त्याने अडत नाहीत. एजमध्येही अशीच यादी आहे; फायरफॉक्समध्ये ती प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या ‘परमिशन्स’खाली मिळते.

पान न उघडताही नवे टॅब आपोआप उघडत असतील, शोध घेताना भलत्याच साइटवर जात असेल, तर एक्स्टेन्शन्स बघा. ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘कूपन’, ‘व्हिडिओ डाउनलोडर’ अशा नावांची, कुणी टाकली ते आठवत नाही अशी सगळी काढा. काढण्याचं बटणच राखाडी असेल आणि मेनूत खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असेल, आणि लॅपटॉप ऑफिसचा नसेल, तर शंका घ्या. काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, पण अ‍ॅडवेअर (जाहिराती घुसवणारा प्रोग्राम) विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, क्रोमचं धोरण लिहून एक्स्टेन्शन सक्तीने बसवतं तेव्हाही हेच दिसतं. अशा वेळी मालवेअरबाइट्सचं मोफत अ‍ॅडव्हक्लीनर चालवा, मग क्रोमच्या सेटिंग्जमधून ‘रीसेट’ करा. बुकमार्क आणि पासवर्ड त्याने जात नाहीत. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ची ओळही बघा. ती क्रोमच्या ईएक्सईवर अवतरणचिन्हाने संपली पाहिजे. पुढे कुठल्यातरी साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसा. ठरावीक वेळेनेच पान उघडत असेल, रोज सकाळी किंवा दर तासाला, तर टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) ब्राउझर उघडणारी नोंद शोधा.

आता दोन प्रकार असे, जिथे खोटं पान खऱ्या चोराला घरात घेतं.

पहिला, फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर यांपैकी काहीतरी, म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवू देणारा प्रोग्राम, टाकायला लावतो. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण दाखवतो आणि म्हणतो, हे बघा, हॅकर. निरोगी संगणकातही तिथे शेकडो एरर साठलेल्या असतात. प्रिंटर वेळेवर जागा झाला नाही तरी तिथे नोंद होते. काळ्या खिडकीत भराभर पळणारी फोल्डरांची यादी दाखवतात, तीही विंडोजची साधी आज्ञा असते. हे सगळं घडून गेलं असेल तर इंटरनेट तोडा, ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेनुसार लावून त्या दिवशीचं सगळं काढा. एनीडेस्क काढलं म्हणून निश्चिंत होऊ नका. एकदा आत आल्यावर ते स्क्रीनकनेक्टसारखं दुसरं साधन मागे ठेवून जातात, तेही यादीत शोधा.

दुसरा प्रकार 2024 पासून वाढलाय आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पान म्हणतं: तुमचा ब्राउझर दुरुस्त करायचा आहे, किंवा तुम्ही माणूस आहात हे दाखवायचं आहे, तर विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तीन साध्या पायऱ्या. पण पानाने तोवर गुपचूप क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तिथे) एक आज्ञा ठेवलेली असते. ‘रन’च्या छोट्या चौकटीत त्या आज्ञेचं फक्त शेवटचं टोक दिसतं आणि तिथे मुद्दाम ‘मी रोबो नाही’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला थेट हुकूम देणाऱ्या साधनाची, खरी आज्ञा डावीकडे लपलेली. एंटर दाबलं की बंदिस्त चौकटीचा प्रश्नच उरत नाही, कारण आज्ञा तुम्ही स्वतः विंडोजला दिलेली असते. बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलणारा चोर-प्रोग्राम चालतो, काही सेकंदांत काम उरकतो, आणि पडद्यावर काहीच दिसत नाही.

वडिलांना नक्की आठवत नसेल तर विंडोज आणि आर दाबून ‘रन’ची चौकट उघडा आणि उजवीकडचा खाली जाणारा बाण दाबा. आधी चालवलेल्या आज्ञांची यादी दिसते. तिच्यात ‘पॉवरशेल’ किंवा ‘एमएसएचटीए’ने सुरू होणारी लांबलचक ओळ असेल तर आज्ञा चालली असं धरून चाला. तिचा फोटो काढा, पण चुकूनही एंटर दाबू नका. चौकट एस्केपने बंद करा. अशा वेळी मात्र दुकानदाराचा सल्ला बरोबर ठरतो: डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा मार्ग. तोवर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं आणि साधारण 15 मिनिटं घेतं. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला, आधी मेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोरलेल्या कुकीने चोर आधीच लॉग-इन असतो; गूगल खात्यात ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट करा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ही बघा. बँकेचे मेल परस्पर दुसरीकडे वळवणारा फिल्टर तिथे बसवलेला सापडू शकतो.

कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही, ओटीपी दिला असेल किंवा पैसे गेले असतील, तर संगणक बाजूला ठेवा, आधी फोन. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवा आणि 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच थांबतात, म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः तपशील दिले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे लाजेखातर दोन दिवस थांबणं फार महागात पडतं. बँकेला फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

एक गोष्ट वडिलांना ठामपणे सांगा: पोलीस किंवा गृह मंत्रालय ब्राउझरच्या पानावर कार्डाने दंड घेऊन अटक टाळत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ असला प्रकार कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्येही सांगितलं होतं. ही पानं अनेकदा अश्लील साइट पाहिल्याचा आरोप करतात, आणि त्या आरोपाच्या लाजेने माणूस घरात कुणाला न विचारता पैसे भरून मोकळा होतो. हा आरोप पान उघडणाऱ्या प्रत्येकावर होतो, त्याचा वडिलांशी काही संबंध नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मोबाइलवर काम सोपं आहे. अँड्रॉइडवर एअरप्लेन मोड लावा, क्रोम उघडा, वरच्या टॅबच्या आकड्यावर टिचकी मारून तो टॅब बंद करा. आयफोनवर एअरप्लेन मोडनंतर सेटिंग्जमधून सफारीची हिस्टरी आणि वेबसाइट डेटा पुसा. ‘व्हायरस काढायला हे अ‍ॅप टाका’ म्हणून एपीके फाइल टाकली असेल तर ते अ‍ॅप काढा, आणि निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन जागी त्याला दिलेली परवानगी आधी बंद करा.

पुन्हा होऊ नये म्हणून लॅपटॉपवर काय करावं, तर पहिलं काम जाहिराती अडवण्याचं. ही पानं बहुतांशी जाहिरातींतून, फुकट सिनेमाच्या साइटवरून किंवा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकल्यामुळे उघडतात. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन टाका. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्ती चालते, तीही पुष्कळ अडवते. क्रोमच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘एनहान्स्ड प्रोटेक्शन’ निवडा, 2025 पासून त्यात अशी खोटी मदतीची पानं यंत्रावरच ओळखण्याची सोय आली आहे. एजमध्ये ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ आहे, तो पूर्ण पडदा व्यापणारं संशयास्पद पान दिसताच पडदा सोडवतो आणि भोंगा थांबवतो. प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये तो चालू आहे ना ते बघा. राउटरचा डीएनएस (साइटचं नाव तिच्या क्रमांकी पत्त्याशी जुळवणारी सेवा) क्वाड9 चा, म्हणजे 9.9.9.9, केला तर घरातल्या सगळ्याच यंत्रांवर बरेच ज्ञात घातक पत्ते उघडत नाहीत. वडिलांचं विंडोज खातं ‘स्टँडर्ड’ करा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. फोटो आणि हिशेबाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा, कारण खरं रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही सोडत नाही.

आणि एकदा सराव करून घ्या. यूट्यूबवर कुठलंही भजन किंवा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावून द्या आणि वडिलांना माउस न वापरता त्यातून बाहेर यायला सांगा: एस्केप दाबून धरणं, मग कंट्रोल-डब्ल्यू. पुन्हा लावून कंट्रोल-ऑल्ट-डिलीटवरून टास्क मॅनेजरपर्यंत जाऊन क्रोम बंद करायला लावा. तुम्ही परगावी किंवा परदेशी असाल तर व्हिडिओ कॉल मोबाइलवर ठेवून हे करता येतं. दोन-तीनदा हाताखालून गेलं की बोटांना जमतं. मग तीच बटणं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा, खाली तुमचा मोबाइल क्रमांक आणि 1930.